तीन दिवसांचा अबोला

गोल्फ हा खेळ माझ्या आईला शेवटपर्यंत पटला नाही. "एवढी जमीन, एवढं पाणी, आन् पिकते काय तर भोकं!" असं ती म्हणायची आणि शेजारणी हसल्या की आणखी रंगात यायची. ती उमरेडच्या विणकरांच्या घरातली. जमिनीचा तुकडा सात पिढ्यांत कधी वाट्याला आला नव्हता, त्यामुळे रिकाम्या जमिनीचा तिला जास्तच राग. आणि नशीब असं, की नवरा त्या भोकांवरच घर चालवायचा. माझे बाबा गोल्फच्या मैदानावर माळी होते. गवत कापणं, पाणी देणं ही कामं तिथले बाकीचे माळीही करत. पण होल कापायचं काम एकट्या बाबांचं होतं. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ. तिच्यात चेंडू जाण्यासाठी जे भोक असतं ते एका जागी कायम नसतं. स्पर्धा असली की रोज पहाटे जुनं भोक मातीच्या गोळ्यासकट बुजवायचं आणि दुसरीकडे नवीन कापायचं. त्यासाठी नळीसारखा लोखंडी साचा असतो, वर आडवी मूठ. तो सरळ दाबून फिरवायचा, हात जरासुद्धा कलला तर काठ फाटतो. बाबांचा काठ कधी फाटला नाही. पंधरा वर्षं त्यांनी मागावर लुगड्यांच्या किनारी काढल्या होत्या, त्या हाताला वाकडं काही सोसायचंच नाही.

माग बंद पडला तेव्हा मी चौथीत होते. सक्करदऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत मागाचा खड्डा होता, विणणाऱ्याचे पाय सोडण्यापुरता. तो बाबांनी स्वतः मुरूम टाकून बुजवला, वर शहाबादी फरशी बसवली, आणि त्या फरशीवर माझं अभ्यासाचं टेबल आलं. खोलीला मात्र आम्ही मागघरच म्हणायचो. फरशी थोडी खचलेली होती, टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सारावा लागे. आमच्या घरातला माग थांबला तरी गल्लीतले दोन-तीन सुरू होते. दुपारभर त्यांची खटखट यायची. मी गणितं सोडवताना पाय त्या तालावर हलायचा आणि आई म्हणायची, "पाय हालवू नको वं, घरात भांडण होते." मला आजही पूर्ण शांततेत पेपर तपासता येत नाहीत. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं, स्टाफरूममधल्या गोंगाटात माझे गठ्ठे सगळ्यांच्या आधी संपायचे.

मला खेळ लागला तो बाबांचा डबा पोचवताना. सुटीच्या दिवशी सायकलवरून शहर ओलांडून मी डबा न्यायचे. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, आणि आईचा मूड असेल तर डाळीचे गोळे घातलेला गोळाभात, वरून तेलाच्या छोट्या डबीत मोहरीची फोडणी वेगळी. चौदाव्या ग्रीनच्या मागे बांबूच्या बेटाआड पंपाची खोली होती, तिच्या सावलीत बसून बाबा जेवत. जेवण झालं की मला ग्रीनवर न्यायचे आणि चपला काढायला लावायचे. "हात फिरवून पाह्य पोरी, गवत कोन्या बाजूले निजलं ते हाताले समजते. निजल्या बाजूनं चेंडू पळते, उलट्या बाजूनं थांबते." हे ज्ञान पुढे मला मोठमोठ्या प्रशिक्षकांनी इंग्रजीत सांगितलं, पण तोवर ते माझ्या तळहातात मुरलं होतं. मैदानावर रोज येणारे एक निवृत्त कर्नल साहेब होते. त्यांनी एकदा मला बाबांच्या समोर एक चेंडू ढकलताना पाहिलं, दुसरा ढकलायला लावला, तिसरा लावला, आणि पुढच्या रविवारी आपल्या बायकोच्या जुन्या काठ्यांची पिशवी बाबांच्या हातात दिली. बाई वारल्या होत्या. "पडून राहिल्या तर गंजतील," एवढंच म्हणाले. आई त्या पिशवीकडे बघून म्हणाली, "आता पोट्टी बी भोकं मोजणार."

कॉलेजात मी बी.एस्सी.ला गणित घेतलं. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या अभ्यासावर सगळ्या गल्लीचा डोळा. पहाटे साडेचारला बाबांच्या सायकलमागे माझी सायकल. उजाडलं की दीड तास सराव, तोही सभासद यायच्या आत. मग मैदानाच्या नळावर हातपाय धुवून, चिखलाचे बूट पिशवीत कोंबून कॉलेज. दहाच्या तासाला मी मागच्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले. वर्षाला चार-पाच स्पर्धा, कधी जबलपूर, कधी भोपाळ, मुलींच्या गटात आम्ही सगळ्या मिळून सात-आठ जणी. जिंकले की पेपरात नाव यायचं. बाबा ते कात्रण कापायचे आणि आई त्या कात्रणाच्या उलट्या बाजूची जाहिरात वाचून दाखवायची. दुसऱ्या वर्षाला एका स्पर्धेपायी बीजगणिताची तयारी राहिली आणि मी त्या विषयात नापास झाले. घरी आईने स्वयंपाक केला नाही. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "पुढच्या खेपेले निघाला तर ठीक. नाही तर त्या काठ्या साहेबाले वापस, आन् उमरेडच्या पाहुण्याले हो." उमरेडचे पाहुणे म्हणजे स्थळ. मुलगा चांगला होता, असं सगळे म्हणत. मला तो चांगलाही नको होता आणि वाईटही नको होता. मला बीजगणित हवं होतं आणि गोल्फही हवा होता, दोन्ही.

अबोल्याची गोष्ट त्याच्या थोडी आधीची. आमच्याच मैदानावर मी एक छोटी स्पर्धा जिंकले, तेव्हा हरलेल्या मुलीच्या वडिलांनी क्लबच्या सेक्रेटरी साहेबांकडे तक्रार केली. होल कापणारा हिचाच बाप. आज कोणता होल कुठे आहे ते हिला घरीच कळतं. चार ग्रीन अशा होत्या, की लांबून झेंड्याचं नुसतं टोक दिसे, भोक उंचवट्यामागे. त्यामुळे तक्रारीत अर्थ नव्हता असं मी म्हणणार नाही. बाबांनी मला कधी एका अक्षराने सांगितलं नव्हतं, पण ते आम्हा दोघांनाच ठाऊक. सेक्रेटरी साहेब भला माणूस, ते नुसतं म्हणाले, "वामनराव, जरा सांभाळून." बाबांनी मात्र टोपी काढली आणि सांगितलं, "साहेब, पोरीची स्पर्धा असन ते तीन दिवस मी पोरीशी बोलणार नाही. घरी बी नाही. होल कापले का मैदानात तोंड बी दाखवणार नाही." कोणी मागितलं नव्हतं. पण विणकराने एकदा किनारीचा नमुना ठरवला की लुगडं संपेपर्यंत तो बदलत नाही. स्पर्धा लागली की आमच्या घरात तीन दिवस बाप-लेकीत अक्षर नाही. पाणी तापलं तर बाबा आईला सांगणार, "तिले सांग, पाणी तापलं." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. मी आईला सांगणार, "त्यांना सांग, ऐकलं." आई वैतागून जायची. "मी काय पोष्टमन हाव का गा? बोला नं एकमेकांशी, भोकाबद्दल नका बोलू!" पण बाबा ऐकायचे नाहीत. खरं सांगायचं तर मला तो अबोला आवडायचा. एक तर त्यात मान होता. मैदानावरचे लोक आमच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. आणि दुसरं म्हणजे त्या तीन दिवसांत मला कोणी काही विचारत नसे, अभ्यास छान व्हायचा.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाचा संघ निवडायची स्पर्धा आमच्याच मैदानावर ठरली. तीन दिवस, रोज अठरा होल, मुलींतून दोघी जाणार. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला माझा राहिलेला बीजगणिताचा पेपर. मी विभागातल्या मॅडमकडे गेले. त्यांनी वेळापत्रक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सकाळचा खेळ किती वाजता संपतो?" अकरा, म्हटलं. "मग तीन तास आहेत तुझ्याकडे. इतर मुलींना सकाळी स्वयंपाक असतो." त्या वाक्यावर मी ते तीन दिवस काढले. संघात नाव लागलं नाही तर खेळ संपला, पेपर गेला तर सगळंच संपलं. दोन्ही व्हायला हवं होतं.

पहिला दिवस चांगला गेला. दुसराही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मागघरात पुस्तक घेऊन बसले होते, बाबा ओट्यावर चहा पीत होते. पेला पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग आईचा. "हात कुठं आहे तुमचा? नवीन लुगडं भिजवलं नं माझं." बाबांनी पेला उचलून ठेवला. थोड्या वेळाने ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. डाव्या हाताने उजवा हात चोळत होते. त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, नेम मोडतात की काय. माझा दुसरा नंबर होता, एकही बोट कोणाला आमच्याकडे दाखवता येऊ नये असं मला वाटत होतं, आणि समोर बीजगणितातल्या ग्रुपांचं एक उदाहरण अर्ध्यावर होतं. मी हात जोडले आणि हसत म्हटलं, "बाबा, उद्या. उद्या पेपर झाला की काय बोलायचं ते बोला." ते मान हलवून गेले. ते माझ्याकडे कसं बघत होते हे मला आठवत नाही, कारण मी पुस्तकात बघत होते.

पहाटे नेहमीप्रमाणे ते माझ्या आधी निघून गेले. माझा खेळ सात-वीसला सुरू झाला. पहिले दहा होल मी जसं खेळायला हवं तसं खेळले. अकराव्या ग्रीनवर पोचले आणि भोक पाहिलं. काठ फाटलेला होता. एका बाजूने गवताच्या मुळ्या बाहेर आल्या होत्या, भोक किंचित तिरपं होतं. माझ्यासोबत खेळणारी मुलगी म्हणाली, "हे कुणी कापलंय? उंदरानं?" माझे कान तापले. बाराव्यावर तसंच, जरा जास्त. तेराव्यावर माझा चार फुटांवरून ढकललेला सोपा चेंडू त्या फाटक्या काठाला लागून फिरला आणि बाहेर राहिला. मला बाबांचा असा राग आला, की तो शब्द मी इथे लिहू शकत नाही. मला काय वाटलं सांगते. मला वाटलं, त्यांनी मुद्दाम केलंय. लेकीला सोपं केलं असं कोणी म्हणू नये म्हणून यांनी वाकडं कापलं, अतीच करतात. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. ज्या माणसाचा हात मला माझ्या अक्षरासारखा ओळखता यायचा, त्याचा हात गेलाय हे ते भोक मला सांगत होतं, आणि मी त्यावरून चेंडू उचलून पुढे गेले.

चौदाव्या ग्रीनवर भोक कालच्याच जागी होतं. कापलेलंच नव्हतं. पंधराव्यावर तेच, सोळाव्यावर तेच, शेवटपर्यंत. स्पर्धेत असं होत नाही. मला ते कळलं, आणि मला आनंद झाला. काल तिथे चेंडू कसा वळला होता ते माझ्या लक्षात होतं. त्या पाच होलांत मी तेराव्यावर गेलेलं सगळं भरून काढलं. एका फटक्याने दुसरी आले. कार्डावर सही केली, बूट बदलले आणि सायकल काढली. बाबा कुठे दिसले नाहीत. पण ते दिसायचेच नव्हते, तसं त्यांनीच तर ठरवलं होतं. मैदानावर कोणीही त्यांना शोधलं नाही ते याचमुळे. होल कापून झाले की वामनराव तोंड लपवून बसतो, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना त्याचं कौतुक होतं.

पेपर मी फार चांगला लिहिला. हे मला लिहावं लागतंय, कारण ते खरं आहे. शेवटची पंधरा मिनिटं उरली होती, मी खिडकीबाहेर कडुलिंबाकडे बघत बसले आणि मनातल्या मनात बाबांना काय काय सांगायचं ते ठरवत होते. तेराव्याबद्दल रागावायचं, मग हसायचं. पाच वाजून गेल्यावर घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दवाखान्यात गेली वं तुयी माय. बाबाले नेलं." चार वाजता पंप सुरू करायला माणूस गेला, तेव्हा त्याला बाबा पंपाच्या खोलीत दिसले. भिंतीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, साचा मांडीवर.

दवाखान्यात आई खाटेच्या कडेला बसली होती आणि बाबांचा उजवा पाय दाबत होती, ज्या पायाला काही कळत नव्हतं. तरुण डॉक्टर होता, माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठा. त्याने आईला विचारलं, "केव्हापासून असं झालं?" आई म्हणाली, "मले काय माहीत गा बाप्पा. चार वाजता दिसले म्हणे." डॉक्टर म्हणाला, "नक्की वेळ कळली असती तर बरं." मग माझ्या तोंडातून आपोआप निघालं. बाबा पाचला पहिल्या होलवर असतात, प्रत्येक होलला दहा मिनिटं, अकरावा म्हणजे सहा-चाळीस. "सहा-चाळीसला हात गेला," मी म्हटलं. "सात-दहाला बसले असतील." त्याने लिहिता लिहिता वर पाहिलं. "तुम्ही होता तिथे?" मी हो म्हटलं. "मग इतका वेळ?" आई माझ्याकडे बघत होती. आईने त्यानंतर आयुष्यभर मला तो प्रश्न विचारला नाही. तिने विचारलं असतं तर मला जरा हलकं वाटलं असतं.

पंपाच्या त्या खोलीला एक खिडकी आहे, चौदाव्या ग्रीनच्या बाजूला. बांबू मध्ये येतात, पण सकाळच्या उन्हात पलीकडचं माणूस दिसतं. दहाच्या सुमारास मी तिथून तीस पावलांवर होते. चेंडू आत गेल्यावर मी मूठ हवेत उडवली होती. त्यांनी मला पाहिलं का, पाहिलं असेल तर हाक मारायचा प्रयत्न केला का, की तेव्हाही नेम पाळला, हे मला माहीत नाही. पस्तीस वर्षं मी याचं उत्तर काढायचा प्रयत्न करते आहे. गणितात ज्या प्रश्नाला पुरेशी माहिती नाही तो सोडून द्यावा, असं मी मुलांना शिकवत आले.

बाबा वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बीजगणितात मी वर्गात पहिली आले. विद्यापीठाच्या संघातून खेळायलाही गेले. ऐकणाऱ्यांना वाटतं मी गेले नसेन, पण गेले, आईनेच पाठवलं. "त्याहीनं ज्याच्यासाठी तोंड शिवलं ते तरी करून ये," म्हणाली. मधल्या कुठल्यातरी नंबरावर आले. परत आल्यावर काठ्यांची पिशवी कर्नल साहेबांच्या दारात ठेवली. त्यांनी का ते विचारलं नाही. उमरेडचे पाहुणे केव्हाच दुसरीकडे गेले होते. मी एम.एस्सी. केलं आणि नोकरीला लागले. लग्नाचं तेवढं राहून गेलं. बाबा अकरा वर्षं मागघरात खाटेवर होते.

त्यांना मी ते सांगितलं नव्हतं. फाटलेली भोकं मी पाहिली होती, हे. सांगायला नऊ वर्षं लागली. एका रविवारी दुपारी आई देवळात गेली होती. मी त्यांना मऊ भात भरवत होते आणि काही कारण नसताना सगळं बोलून टाकलं. अकरावा, बारावा, तेरावा, माझा राग, कालच्याच जागेवरची भोकं आणि माझा आनंद. मग विचारलं, "बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही दारात आला होता. काय सांगायचं होतं?"

त्यांनी माझ्या हातातला घास बाजूला केला. डाव्या हाताने मला जवळ बसायची खूण केली आणि सांगू लागले. इतक्या वर्षांत ते इतकं कधी बोलले नव्हते. शब्द नव्हतेच, नुसते आवाज, पण त्यांना चढउतार होता, मध्ये थांबणं होतं, कुठेतरी हसणंही होतं. कपाळावर घाम आला. हात हवेत काहीतरी दाखवत होता, लांबी, उंची, पुन्हा लांबी. गल्लीतला शेवटचा माग तोवर बंद झाला होता, त्यामुळे एकेक आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मी अगदी कान देऊन ऐकलं. मला एक अक्षर समजलं नाही. ते थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी त्यांचा घाम पुसला आणि म्हटलं, "हो बाबा. समजलं."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.